करीच्या दिवसाचा हार

आमच्या गुरुजींचं नाव माझ्यापुढं काढू नका. माझं डोकं फिरतं. माणूस चांगला असंल, शाळेसाठी झटला असंल, समदं कबूल. पण माझ्या नोकरीची सव्वादोन वर्षं त्यांनी खाल्ली, आन वर ढेकरसुद्धा दिला न्हाई.

झालं असं, की आमच्या गावच्या शाळेत पहिलीला पोरं कमी पडायली होती. गुरुजी दारोदार फिरले. तवा जन्माचा दाखला कुठला आलाय? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं झालं, असा दस्तूर होता. माझे हात मुळातच लांब. चार वर्षांचा बी न्हवतो, पण कान धरला गेला. "झालं की सहाचं!" म्हणून गुरुजींनी लिवून टाकलं, जन्मतारीख एक जून. मायनं सांगून बगितलं, म्हणली, "गुरुजी, लेकरू आजून कडेवरून उतरंना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला झालंय ते." गुरुजी म्हणले, "करीचा जन्म कागदावर बरा दिसत न्हाई." करीला आमच्याकडं नवं काही सुरू करत न्हाईत. ना घराचा पाया, ना सोयरीक. मायला ते पटलं, आन मी कायमचा एक जूनचा झालो.

मी एकटाच न्हाई. आमच्या भागातली निम्मी माणसं एक जूनची हायत. म्हणून पूर्णेत एकतीस मे म्हंजे सणच असतो बगा. पूर्णा पडलं रेल्वेचं गाव, घरटी एक माणूस रेल्वेत. आन एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशी रिटायर होतो, असा कायदा. एरवी महिन्याच्या शेवटाला दोन-तीन माणसं निघतात, पण एकतीस मेला दहा-बारा. ऑफिसात शाल, नारळ, भाषणं. मंग बँजो लावून गुलाल उधळत माणसाला घरी न्यायचं, दारात बायको ओवाळणार. कुणाची मिरवणूक कुणाच्या मिरवणुकीत घुसायली काही कळत न्हाई. एका वर्षी तर एका फिटरला भलत्याच घरी नेऊन सोडलं होतं. त्या बाईनं बी घाईघाईत ओवाळलं, आन मंग तोंडाकडं बगितलं.

आन ह्या समद्या गळ्यांतले हार चांगुणाबाईचे.

ठेशनाच्या बाहेर लिंबाखाली त्यांची फळी. फळीवर ओलं गोणपाट, बाजूला पाण्याची बादली, पदराला खोचलेली लांब सुई. चाळीस वर्षं झाली असतील. नांदेडच्या बाजारातून पहाटेच्या गाडीनं फुलाची गोणी यायची. झेंडू, शेवंती, गुलछडी, कवा कवा गुलाब. मापाची पट्टी त्यांच्याकडं कधीच न्हवती. खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत दोरा धरायच्या, अशा दोन लांबी घ्यायच्या, आन मंग ज्याचा हार त्याच्याकडं एकदा नीट बगून वीतभर वाढवायच्या न्हाईतर सोडायच्या. कुणाचा हार कुणाला आखूड झाला, असं मी ऐकलं न्हाई.

त्यांची एक रीत मातर आख्ख्या पूर्णेला ठाऊक होती. हार ओवून झाला की खालची दोन टोकं त्या मोकळी ठेवायच्या. गोंड्यापाशी शेवटची गाठ मारायच्या न्हाईत. ती घरच्यानं मारायची. बायकोनं, लेकानं, न्हाईतर शेजारी उभं राहून काम केलेल्या माणसानं. एका नव्या सायबानं एकदा विचारलं, कामून असं? चांगुणाबाई म्हणल्या, "मी गाठ मारली तर तो बाजारातला हार झाला सायेब. घरच्यानं मारली तर माणसाची रुकसत झाली." सायबाला मराठी जेमतेम कळायचं, पण गाठ त्यानं आपल्या हातानं मारली.

मी रेल्वेत पॉइंट्समन होतो. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची त्याची लिव्हर ओढायची, झेंडी दाखवायची, हे काम. लांब हात तिथं लय कामाला आले. सदतीस वर्षं केलं. कागदावर साठ भरली तवा खरी अठ्ठावन्न बी न्हवती झाली. एकतीस मेच्या सकाळी मी आन माझी बायको सुमन हार आणायला लिंबाखाली गेलो. चांगुणाबाईनं माझ्याकडं बगितलं आन सुई थांबवली.

"लिंबाजीराव, तुमी आजून साठीचे न्हाईत."

"कागद दाखवू का?"

"कागद चुलीत घाला. मान बगितली मी. ज्याची वेळ झाली तो हार दिसला की आपसूक मान वाकवतो. तुमची मान तर सिग्नलवानी उभी."

समद्या गावात एकाच माणसाला माझं दुखणं दिसलं होतं. मी तोंड फिरवलं. सुमननं गाठ मारली, हार गळ्यात आला, बँजो वाजला. फोटोत बगा, अकरा माणसं हायत, दहा जण पायाकडं बगायलेत. मी सरळ समोर.

पुढचा महिना मला विचारू नका. पहाटे चारलाच डोळे उघडायचे. सुमनचे डबे मी टायमटेबलप्रमाणं लावले. सकाळी लागणारे डावीकडं, संध्याकाळचे उजवीकडं. तिनं तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी पोळपाट खाली ठेवला आन म्हणली, "तुमी रिटायर झालाव, मी न्हाई. जरा बाहेर जाऊन बसा बरं, माझ्या कामात येऊ नका."

म्हणून मी लिंबाखाली जाऊन बसायलो. आधी नुसताच. चहा प्यायचा, गाड्या बगायच्या, आन "ही गाडी चार नंबरवर कामून घेतली, मूर्ख कुठले" असं पुटपुटायचं. चांगुणाबाई हसायच्या. मंग एका सकाळी बगितलं, त्यांना सुईत दोरा ओवता येईना. दोन-तीनदा ओठानं ओला केला, पण जाईना. मी हात पुढं केला आन दोरा घातला. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर सुया फळीवर माझ्या बाजूला मांडून ठेवल्या होत्या.

ती सकाळ कशी असायची ते सांगायला मला जमायचं न्हाई, पण सांगतो. थंडीत धुकं असं उतरायचं की ठेशन दिसायचं न्हाई, नुसता आवाज यायचा. गाडी आल्याचं सांगणारी भोंग्यावरची बाई कुठूनतरी बोलायची, आन वाटायचं की ती आभाळातून बोलायली. गोणी उघडली की फुलांतून वाफ निघायची. चांगुणाबाई ओवायच्या, मी दोरे घालून द्यायचो, आन मधीच माझी तंद्री लागायची. मला वाटायचं, मी केबिनीत उभा हाय, लिव्हर ओढली, आन खालचे रूळ हळूच सरकून झेंडूचे झाले. त्याच्यावरून गाडी चाललीय, आन चाकांचा आवाज न्हाई. मी हे बाईंना सांगितलं. वाटलं, हसतील.

"मला बी पडतं असं," त्या म्हणल्या. "सपनात मी ओवत बसते, आन हार काही संपंना. फळीवरून खाली जातो, पायरी उतरतो, रुळावर जातो. मिरखेल येतं, परभणी येती, हार आपला पुढं. दोन्ही टोकं माझ्यापाशी यायला पाह्यजेत ना? एक तर माझ्या हातात हाय, पण दुसरं कुठं गेलं तेच दिसत न्हाई."

"मंग?"

"मंग काय, जाग येती. गोणी आलेली असती."

त्यांचा नवरा महारुद्र ह्याच ठेशनावर हमाल होता. लाल सदरा, दंडाला पितळेचा बिल्ला. रेल्वेत राहून रेल्वेचा नसलेला माणूस. पगार न्हाई, पेन्शन न्हाई, म्हणून तारीख बी न्हाई. एक दिवस डोक्यावर दोन बॅगा आन हातात एक घेऊन पुलाच्या पायऱ्या चढला. वर गेला, बॅगा नीट उतरवल्या, पॅसेंजरला म्हणला, "सायेब, जरा बसतो." बसला तो बसलाच. चांगुणाबाई खाली हार ओवायल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या तरी रिटायरमेंटचा.

हे त्यांनी मला पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात सांगितलं, सुई न थांबवता. आन पुढं म्हणल्या, "तुमी तारखेवर चिडता लिंबाजीराव. पण तुमाला तारीख तरी होती. आमच्यासारख्याचं तसं न्हाई. आपल्या हिमतीवर पोट भरणारा माणूस एकतर कामावर असतो, न्हाईतर तिरडीवर. मधी काहीच न्हाई. मला तसं जायचं न्हाई. मला जित्तेपणी थांबायचंय. चालत घरी जायचंय, हार घालून. समद्यांना नेलं तसं."

"मंग थांबा की. अडवतंय कोण?"

"अडवत कुणी न्हाई, तेच तर दुखणं हाय. अमक्या तारखेला थांब, असं म्हणणारा बी कुणी न्हाई. आधारवर माझी तारीख एक जानेवारी हाय, ती बी त्या कॅम्पातल्या माणसानं ठोकून दिलेली. साठीचं वर्ष आलं कवा, गेलं कवा, मला पत्ता न्हाई. रोज गोणी येती. गोणी आली की बसावं लागतं."

मी तवा मोठा शहाणा. त्यांना बाजू समजावून सांगितली. म्हणलं, आपल्या धंद्याला रिटायरमेंट नसतीय बाई. तुमी मालक हाव. हातपाय चालतात तवर चालवायचं, बसलेला माणूस गंजतो, मलाच बगा. लय बोललो. त्या ऐकत होत्या. मला आता वाटतं, त्या बोलण्यात त्यांच्यासाठी एक शब्द न्हवता. चांगुणाबाई थांबल्या तर लिंबाजीनं सकाळी जायचं कुठं, ह्याचीच फिकर होती ती. खोटं कामून बोलू?

त्यांची लेक दिपाली परभणीला दिलेली. जावई ऑटो चालवतो. दिपाली महिन्या-दोन महिन्याला पॅसेंजरनं यायची, आईच्या शेजारी फळीवर बसायची आन एकच गाणं लावायची. "आई, बस कर आता. चल माझ्याकडं." चांगुणाबाई म्हणायच्या, "येते की. ह्या महिन्याचे हार होऊ दे." महिन्याचे हार कधी होतात का? पुढचा महिना हायच.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. साखर होती अंगात. सुई बोटाला लागली तरी कळंना. त्यांनी मला सांगितलं न्हाई, पण मी शेजारी बसणारा, मला दिसणार न्हाई होय? फूल धरायच्या आन दोनदा बगून खात्री करायच्या, की धरलंय. मी हळूहळू निम्मे हार ओवायला लागलो. गुलछडी मी, शेवंती मी. शेवटी गोंडा त्या लावायच्या आन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. बोललो कुणीच न्हाई. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, तुमचा हार तो तुमचाच," आन मी बादलीत बगायचो.

एकदा दिपालीनं मला बाजूला घेतलं. "काका, तुमी रोज असता इथं. खरं सांगा. आईचा हात बरा हाय ना?"

"एकदम झकास," मी म्हणलो. "तुज्यापेक्षा चपळ हाय."

ती बिचारी हसत गाडीत बसली. मला त्या खोट्याची आजून लाज वाटती. लेक आपल्या आईची फिकर करायलीय, आन ह्या भल्या माणसाला आपल्या बसायच्या जागेची पडलीय. थू माझ्या जिंदगानीवर.

आन मंग आला ह्या वर्षीचा एकतीस मे.

चौदा हार होते. आमी दोघं पहाटेपासून मान वर केली न्हवती. ऊन असं, की गोणपाटावर मारलेलं पाणी बगता बगता सुकायचं. एक हार पार्सल ऑफिसातल्या बाईंचा होता, निव्वळ पांढऱ्या गुलछडीचा. तो चांगुणाबाईनं स्वतः धरला. म्हणल्या, बाईमाणसाचा हार हाय, मी ओवते. मी माझ्या झेंडूत गुंतलेलो. त्या बाईंचा भाऊ हार न्यायला आला. चांगुणाबाईनं हार उचलून दिला. भावानं तो उन्हात धरला आन खूश होऊन म्हणला,

"वा मावशी! मधी मधी लाल ठिपके काय झ्याक टाकलेत. रंग लावलाय का?"

मी वर बगितलं. पांढऱ्या फुलांवर लाल ठिपके, वीत-वीत अंतरावर. बारीक, एकसारखे. तिथं रंगबिंग काही न्हवता. चांगुणाबाईनं आपलं बोट डोळ्यापुढं धरलं. शेंड्याला सुईची सात-आठ भोकं, आन त्यांना एकाचा बी पत्ता न्हवता.

 तो हार त्यांनी दोन्ही हातांनी परत घेतला. म्हणल्या, "बाळा, हा ऱ्हाऊ दे, ह्याच्यात गल्लत झाली. अर्ध्या तासानं ये." मंग माझ्याकडं न बगता म्हणल्या, "लिंबाजीराव, तुमी ओवा."

मी ओवला.  त्या माझ्या शेजारी नुसत्या बसून होत्या, हात मांडीवर उताणे. चाळीस वर्षांत त्या फळीवर मोकळे हात पहिल्यांदाच बसले असतील. तिकडं गावात बँजो सुरू झाले.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी म्हणलो, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमी नुसत्या बसा. हात मी चालवतो. दुकान तुमचं, नाव तुमचं. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," त्या म्हणल्या. आवाज चढला न्हवता. "मी ओवते म्हणून मी हारवाली. न ओवता बसले तर नुसती एक म्हातारी लिंबाखाली बसलीय. आन दुसऱ्याच्या गळ्यात मी रक्त घातलं असतं आज. त्याच्या बहिणीच्या चांगल्या दिवशी." जराशानं म्हणल्या, "तुमी वर्षभर माझी लाज झाकलीत. मी झाकू दिली. तुमाला बसायला जागा पाह्यजे होती, मला हात पाह्यजे होते. दोघं बी लबाड."

 मी फळीवरच्या पाकळ्या गोळा करायलो.

"तुमची खरी तारीख कवा म्हणलावता?" त्यांनी विचारलं.

"पोळ्याची कर. ह्या करीला साठ भरतात. खरी."

त्यांनी वर लिंबाकडं बगितलं. मंग म्हणल्या, "मंग तीच. दोघं संगं निघू. तुमची उरलेली नोकरी तुमी इथं केली समजा. सव्वादोन वर्षं फिटली. आन मला तारीख देणारं कुणी न्हवतं ना? तुमी दिली."

"बाई, करीला? करीला काही सुरू करत न्हाईत."

"सुरू कोण करायलंय?" त्या म्हणल्या. "संपवायला कर चालती."

मी त्या तीन महिन्यांत लय प्रयत्न केले, झाकून कामून ठेवू? एकदा म्हणलो, गणपती येतात, निदान तवर. एकदा म्हणलो, डॉक्टरची नवी गोळी लागू पडंल. एकदा तर चिडून म्हणलो, "परभणीत काय करणार तुमी? लेकीच्या दारात बसून ऑटो मोजणार का?" त्या म्हणल्या, "मोजीन की. आजवर मान खाली घालून बसले. रस्त्यानं कोण जातं ते बगायचं ऱ्हाऊन गेलंय." दिपालीला मात्र मी स्वतः फोन केला. म्हणलो, पोरी, मी खोटं बोललो होतो तुला. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "आई तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली न्हाई काका." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोळ्याच्या दिवशी बैलांचे हार मी एकट्यानं ओवले. आन त्या रात्री न्हाई, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, बाईंच्या डोळ्यादेखत, मी त्यांचा हार ओवायला घेतला. खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत दोरा धरला. त्या म्हणल्या, "तुमच्या हातानं न्हाई, लांब हाय तो. माझ्या हातानं मापा." त्यांनी हात पसरला. मी दोरा धरला. दोन लांबी. शेवंती, गुलछडी, मधी झेंडू. एकीकडं जरा वाकडा झाला, पण त्यांनी बोट दाखवलं न्हाई. माझा हार त्यांनी ओवला. कसा ओवला ते मी बगितलं न्हाई, मी मुद्दाम तोंड फिरवून बसलो. अकरा फुलं होती त्यात, लांब-लांब अंतरानं. मला दुसरं काही नको होतं.

करीचा दिवस तसा रिकामाच. तरी मी गुपचूप चार जणांना सांगितलेलं, आन त्या चौघांनी चाळिसांना. लिंबाखाली माणसं जमायली. समदी आमच्यासारखीच, ज्यांच्या गळ्यात कधी ना कधी ह्या बाईचा हार पडलेला. तो भलत्या घरी गेलेला फिटर बी होता. बँजोवाला म्हणला, करीला वाजवत न्हाई मी. फिटर म्हणला, वाजव रे, मी भलत्याच घरी ओवाळून घेऊन बी जगलो.

सुमननं माझ्या हाराची गाठ मारली, दुसऱ्यांदा. हार घातला. म्हणली, "आता तरी झालाव का रिटायर?" मी म्हणलो, "आता झालो."

मंग बाईंचा हार आणला. तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी दुसरीला म्हणली, "अगं बया, नवरा गेलाय ना तिचा? फुलं कशी घालायलीय?" मला संतापच आला. मी तोंड उघडणार, तर चांगुणाबाईच म्हणल्या, "डोक्यात न्हाई माळायले बाई. गळ्यात घालायले. कामाचा हार हाय." ती म्हातारी पुढं आली आन त्यांच्या पाया पडली.

हाराची दोन टोकं मोकळी होती. दिपाली सकाळच्या गाडीनं आलेली. ती पुढं झाली, रडत रडत टोकं हातात घेतली. चांगुणाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब. माझी मी मारते."

"आई, घरच्यानं मारायची असती ना?"

"नोकरी दुसऱ्यानं दिलेली असती, ती दुसऱ्यानं सोडवायची. माझं मीच सुरू केलं होतं. कुणी बसवलं न्हवतं मला इथं."

त्यांनी टोकं घेतली आन गाठ मारायला लागल्या. बोटांत टोक ऱ्हाईना. एकदा सुटलं. दुसऱ्यांदा सुटलं. तिसऱ्यांदा फास पडला, पण ओढताना निसटला. बँजोवाला थांबला.  आत ठेशनात गाडी आल्याचं ती बाई सांगायली होती, आन तेवढाच आवाज होता. माझे हात उठले. दोन वर्षांची सवय, त्यांचा दोरा अडला की माझा हात जाणारच. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आन एकमेकांत घट्ट धरले. सदतीस वर्षं लिव्हर ओढली, पण एवढा जोर कधी लागला न्हवता. दिपाली माझ्याकडं बगायली. मी मान हलवली, न्हाई म्हणून.

किती वेळ गेला? गाडी आली, थांबली, निघून बी गेली. बाईंनी एक टोक दातात धरलं. दुसरं तळहातावर गुंडाळलं. डोळे मिटले. मंग बोटांनी न्हाई, आख्ख्या हातानं, अंदाजानं, ती गाठ ओढली. डोळे उघडून बगितलं. पुन्हा एकदा ओढून बगितलं. गाठ बसली होती.

त्यांनी हार स्वतःच वर उचलला आन डोक्यावरून गळ्यात घातला. त्या वक्ताला मला त्यांची मानेमागची पांढरी बट दिसली. दोन वर्षं शेजारी बसलो, कधी दिसली न्हवती.

मान खाली ठेवूनच त्यांनी हळू विचारलं, माझ्यापुरतं, "लिंबाजीराव, वाकली का माझी मान?"

"वाकली बाई," मी म्हणलो. "आपसूक वाकली."

रेल्वेतून निघालो तवा माझ्या डोळ्यात थेंब आला न्हवता. तिथं मी लहान लेकरावानी रडलो, समद्या लोकांत. बाईंनी पदराची सुई काढली, फळीवर ठेवली, आन दिपालीचा हात धरून चालायला लागल्या. बँजो वाजायला लागला. ठेशनापासून त्यांचं घर सहा मिनिटांवर. आमी चाळीस माणसं त्यांच्या मागं, त्यांच्या चालीनं, हळूहळू गेलो.